वणवा विझल्यानंतर

डोंगरास वणवा लागला म्हणजे सर्वांचे डोळे ज्वाळांकडे लागतात. धूर ओसरला, शेवटचा निखारा विझला, कीं संकट टळलें असें मानून माणसें सुटकेचा श्वास टाकतात. आणि त्यानंतर आकाशांत ढग दिसूं लागले तर ते वरदानच वाटतात. जळलेल्या भूमीवर पाणी पडावें, तिचा दाह शमावा, याहून इष्ट तें काय? परंतु जगांत असे कांहीं डोंगर आहेत, कीं ज्यांच्या पायथ्याशीं राहणारे लोक वणव्यानंतरच्या पहिल्या ढगास वणव्याहूनहि अधिक भितात. ही भीति त्यांना अनुभवानें शिकविली आहे. वणवा आणि पाऊस यांच्या दरम्यान जमिनीचें काय होतें, तिच्यावर पडलेलें पाणी कसें वागतें, आणि डोंगर आपलें जळलेलें पांघरूण पुन्हां कसें विणतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांत, लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस सॅन गॅब्रिएल नांवाची पर्वतराजी आहे. तिचे उतार अत्यंत उभे असून खडक भेगाळलेला व ठिसूळ आहे. तिच्या पायथ्याशीं ला क्रिसेंटा व माँट्रोज या वस्त्या वसल्या आहेत. १९३३ च्या नोव्हेंबरांत या वस्त्यांच्या माथ्यावरील डोंगरांत वणवा लागला आणि सुमारें पांच हजार एकर झुडुपी रान जळून गेलें. वणवा विझला, कांहीं आठवडे शांततेंत गेले. डिसेंबरच्या अखेरीस पाऊस सुरू झाला, तो थांबेचना. ३१ तारखेच्या रात्रीं लोक नव्या वर्षाच्या स्वागतांत गढले असतां, मध्यरात्रीच्या सुमारास, डोंगरांतील घळींतून चिखल, धोंडे व जळके ओंडके यांची भिंतच्या भिंत खालीं उतरली. पुराच्या भयानें कांहीं लोक माँट्रोज येथील माजी सैनिकांच्या सभागृहांत आश्रयास गेले होते. इमारत पक्की म्हणून ते तेथें गेले. पण लोंढा भिंत फोडून आंत शिरला आणि त्या आश्रयस्थानांतच बारा माणसें दगावलीं. त्या रात्रीं एकंदर चाळीसाहून अधिक लोक मृत्युमुखीं पडले व शेंकडों घरें राहण्यास निरुपयोगी झालीं.

या घटनेंत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्याच रात्रीं, त्याच ढगांतून, शेजारच्या न जळलेल्या दऱ्यांवरहि पाऊस पडला होता. त्या दऱ्यांतील ओढेहि फुगले. पण त्यांतून असा प्रळय उतरला नाहीं. पाऊस तोच, डोंगर तोच, खडकहि त्याच जातीचा. फरक एवढाच, कीं एका बाजूस जमिनीवर पांघरूण होतें आणि दुसऱ्या बाजूस तें नुकतेंच जळून गेलें होतें. तेव्हां हें पांघरूण करतें तरी काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पावसाचा थेंब दिसावयास क्षुद्र. परंतु उंचावरून वेगानें येणारा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला म्हणजे तेथें लहानसा खड्डा पाडतो, मातीचे खडे फोडतो आणि सुटलेले कण चोहोंकडे उडवितो. जोराची सर येऊन गेल्यावर परसांतील पालेभाजीच्या पानांना खालच्या अंगानें माती चिकटलेली अनेकांनीं पाहिली असेल. ती थेंबांनींच उडविलेली असते. उडालेले बारीक कण मग मातीच्या छिद्रांत बसतात, तीं बुजतात, आणि जें पाणी आंत मुरावयाचें तें वरून वाहूं लागतें.

रानाच्या जमिनीस या माराची बाधा होत नाहीं. वरचा पाला थेंबांचा पहिला आघात झेलतो. पानांवरून जें पाणी निथळतें तें खालच्या पाचोळ्यावर पडतें. कुजत आलेल्या या पाचोळ्याचा थर जाड गोधडीसारखा मऊ असतो. तो पाणी शोषून धरतो व हळूहळू खालीं सोडतो. त्याच्याखालीं मुळांचें जाळें, किडामुंगीचीं बिळें, गांडुळांच्या वाटा आणि जुन्या कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या यांतून पाणी भूमीच्या पोटांत उतरतें. शिवाय खोडें, गवताचे ठोंब व पडलेल्या फांद्या पाण्याच्या वाटेंत पावलापावलावर आडव्या येतात. त्यामुळें जें थोडें पाणी वरून वाहतें त्यासहि धांव घेतां येत नाहीं. म्हणूनच चांगल्या रानांतून पाऊस पडून गेल्यावर कित्येक दिवस झऱ्याचें स्वच्छ पाणी वाहत राहतें.

वणव्यानें ही सारी व्यवस्था अल्पावधींत मोडते. पाला जातो, पाचोळ्याची गोधडी जळून जाते, आणि राखेचे बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात. मातीचे कण एकमेकांस धरून ठेवणारें सेंद्रिय द्रव्य जळाल्यामुळें मातीची घडण सुटते. पण याहूनहि विलक्षण असा एक फेरफार मातीच्या पोटांत, डोळ्यांस न दिसतां, घडून येतो.

कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर जें दाट, कंबरेपासून डोक्यापर्यंत उंच वाढणारें झुडुपी रान आहे त्यास तेथें चॅपरल म्हणतात. तेथें उन्हाळ्यांत कित्येक महिने पाऊस पडत नाहीं. अशा कोरड्या ऋतूंत तग धरण्यासाठीं या झुडुपांच्या पानांत मेण, राळ व तेलकट द्रव्यें भरपूर असतात, आणि तीं पानें खालीं गळून कुजत असतां तीं द्रव्यें पाचोळ्यांत व मातींत येतात. वणवा वरून जात असतां उष्णतेनें या द्रव्यांची वाफ होते. कांहीं वाफ वर निघून जाते. कांहीं खालीं मातीच्या छिद्रांत शिरते. कोरडी माती उष्णता फार खोल जाऊं देत नाहीं. त्यामुळें पृष्ठभागाखालीं थोड्याच अंतरावर माती थंड असते. तेथें पोंचतांच ती वाफ गोठते आणि मातीच्या कणाकणावर तिचा पातळ लेप बसतो. असा लेप बसलेली माती पाणी शिवूं देत नाहीं. अळूच्या पानावर थेंब जसा मोत्यासारखा गोळा होऊन राहतो, तसाच तो या मातीवर राहतो.

लीओनार्ड डीबॅनो व इतर संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियांत या गोष्टीचा कसून अभ्यास केला. सॅन गॅब्रिएल पर्वतांतच सॅन डिमास येथें १९३३ सालापासून एक प्रायोगिक अरण्य राखलेलें होतें. झुडुपी रानांतील पाण्याचा हिशेब मांडावा, हा त्याचा मूळ हेतु. १९६० सालीं त्या अरण्याचाच मोठा भाग वणव्यांत भस्म झाला. पण जें मोजण्यासाठीं अरण्य राखलें तेंच जळून गेल्यावर संशोधकांनीं निराश न होतां जळलेल्या भूमीसच प्रयोगशाळा केलें. मातीचें उष्णतामान सुमारें पावणेदोनशें ते दोनशें अंश सेल्सिअस झालें म्हणजे हा जलद्वेषी गुण अतिशय वाढतो. तेंच सुमारें दोनशें ऐंशी अंशांच्या वर गेलें तर तीं द्रव्यें नष्ट होऊन तो गुणहि नाहींसा होतो, असें अभ्यासांतीं आढळून आलें. यामुळें कित्येकदां वरची राखमिश्रित माती पाणी पिते, आणि तिच्याखालचा थर मात्र तें अडवून धरतो. हा गुण तपासण्याची रीत अगदीं सोपी आहे. राख बाजूस सारून मातीवर पाण्याचा थेंब ठेवावा. तो पांच सेकंदांहून अधिक वेळ तसाच राहिला, तर ती माती पाणी नाकारते असें समजावें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हा थर प्रत्येक वणव्यांत तयार होतो असें नाहीं. न जळलेल्या चॅपरलच्या मातींतहि हा गुण थोडाबहुत असतो. आणि माती दीर्घकाळ ओली राहिली तर तो ओसरतो व माती सुकतांच कित्येकदां परत येतो. सर्व दोष त्या एका थरावर लादणें योग्य होणार नाहीं. जमीन उघडी पडणें आणि तिचीं छिद्रें बुजणें एवढेंच अनर्थास पुष्कळदां पुरतें. जेथें हीं सर्व कारणें एकत्र येतात, तेथें अनर्थास पारावार राहत नाहीं.

सॅन गॅब्रिएलसारख्या उभ्या डोंगरांत तर माती पावसाची वाटहि पाहत नाहीं. झुडुपांच्या बुंध्यांमागें वर्षानुवर्षें जे खडे, जी वाळू व जी माती अडून राहिलेली असते, ती बुंधे जळतांच आधार सुटून कोरडीच घरंगळूं लागते. वणवा धुमसत असतांच दगडमातीच्या या कोरड्या धारा उतारावरून वाहूं लागतात व खालच्या घळींच्या तळाशीं त्यांचे ढीग सांचतात. अशा रीतीनें पावसाळा येण्यापूर्वींच घळ दारूगोळ्यानें भरलेल्या तोफेसारखी सज्ज होऊन बसते.

मग पाऊस येतो. पृष्ठभागावरील मातीचा पातळ थर पाहतां पाहतां भिजून संपृक्त होतो. पाण्यास खालीं जावयास वाट नसते. तेव्हां तें मातीसकट उतारावरून सरकूं लागतें. प्रथम बोटभर रुंदीच्या असंख्य चऱ्या पडतात. त्या खालीं एकमेकींस मिळतात, त्यांचे ओहोळ होतात, ओहोळ घळींत कोसळतात आणि तेथें सांचून राहिलेला सारा कोरडा माल उचलतात. पाण्यांत माती वाढत गेली म्हणजे त्याचा स्वभावच पालटतो. तो प्रवाह ओल्या काँक्रीटसारखा घट्ट व जड होतो, आणि साधें पाणी ज्या धोंड्यास वळसा घालून गेलें असतें, त्या मोटारीएवढ्या धोंड्यास तो आपल्याबरोबर घेऊन चालतो. पावसाचें एकंदर मान किती, यापेक्षां तो किती जोरानें पडला, याला येथें अधिक महत्त्व आहे. दिवसभर रिमझिमणारे तीन इंच निमूटपणें निघून जातात. पांच-दहा मिनिटांत कोसळलेला अर्धा इंच घरेंदारें वाहून नेतो.

याचें दारुण प्रत्यंतर माँटेसिटो या गांवास आलें. हें गांव कॅलिफोर्नियांतच सांता बार्बरा शहराच्या पूर्वेस, सांता इनेझ डोंगर व समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत वसलेलें आहे. ४ डिसेंबर २०१७ रोजीं शेजारच्या व्हेंचुरा परगण्यांत ‘टॉमस’ नांवानें ओळखला जाणारा वणवा भडकला. त्यांत एकंदर २,८१,८९३ एकर प्रदेश जळाला. कॅलिफोर्नियांत तोंपर्यंत नोंदलेल्या वणव्यांत तो सर्वांत मोठा ठरला. माँटेसिटोच्या माथ्यावरील डोंगरहि त्यांत जळून उघडे पडले. वणव्याच्या दिवसांत गांवकऱ्यांस घरें सोडून जावें लागलें होतें. आग दूर गेल्यावर ते परत आले, घरें शाबूत पाहून त्यांनीं देवाचे आभार मानले. इतक्यांत जानेवारीच्या आरंभीं, पाऊस येत आहे, पुन्हां निघा, अशी सूचना आली. कांहीं भागांस ती सक्तीची होती, कांहींस केवळ सावधगिरीची. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्यास कंटाळलेल्या अनेकांनीं या वेळीं घर सोडलें नाहीं. ज्वाळा डोळ्यांस दिसल्या होत्या. हा धोका दिसत नव्हता. पावसाची भीति ती काय, असें त्यांस वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं.

९ जानेवारी २०१८ च्या पहांटे, साडेतीनच्या पुढें, डोंगरावर एक तीव्र सर कोसळली. माँटेसिटो येथें पांच मिनिटांत अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक पाऊस मोजला गेला. थोड्याच वेळांत अनेक ओढ्यांतून एकदम धोंड्यामातीचे लोंढे गांवांत घुसले. त्या पहांटे २३ माणसांचा अंत झाला. चारशेंहून अधिक इमारतींची हानि झाली. किनाऱ्यालगतचा मोठा हमरस्ता चिखलाखालीं जाऊन सुमारें दोन आठवडे बंद राहिला. आणि दैवदुर्विलास असा, कीं तो वणवा पूर्णपणें आटोक्यांत आल्याची घोषणा यानंतर तीन दिवसांनीं, १२ जानेवारीस, झाली! म्हणजे आग सरकारी कागदावर विझलेलीहि नव्हती, तोंच तिच्या पाठोपाठ येणाऱ्या पाण्यानें आपला बळी घेतला होता.

हें सर्व ऐकून जळलेला डोंगर म्हणजे कायमचा वैरी, असा कोणाचा समज होईल, तर तो खरा नव्हे. जळलेल्या डोंगरांत त्याच वेळीं दुसरें एक काम मूकपणें चाललेलें असतें. चॅपरलमधील ‘चमीस’ नांवाच्या झुडपाचा सारा विस्तार जळाला, तरी त्याच्या बुडाशीं जमिनीलगत लांकडाची एक जाड गांठ असते. मातीच्या आडोशानें ती वांचते. वणव्यानंतर कांहीं आठवड्यांतच, कित्येकदां पाऊस पडण्यापूर्वींच, तिच्यांतून हिरवे कोंब फुटतात. कारण खोलवर गेलेलीं मुळें जिवंत असतात व खालची ओल वर आणतात. ‘सिअनोथस’ या झुडपाच्या कित्येक जातींची रीत निराळी. तीं झुडुपें मरतात. परंतु त्यांच्या कठीण कवचाच्या बिया वर्षानुवर्षें मातींत निद्रिस्त असतात, आणि आगीच्या आंचेनें कवच तडकल्यावांचून त्या रुजतच नाहींत. आणखी कांहीं वनस्पतींच्या बियांना धुराचा स्पर्श जागें करतो. यामुळें वणव्यानंतरच्या पहिल्या वसंतांत, एरवीं क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या रानफुलांनीं काळे डोंगर फुलून जातात. त्या फुलांचें आयुष्य एखाददुसऱ्या वर्षाचें; पण तेवढ्यांत तीं जमीन झांकतात, राखेंतील पोषक द्रव्यें वाहून जाण्यापूर्वीं पकडून ठेवतात, आणि मागून येणाऱ्या झुडुपांसाठीं पाचोळ्याचा पहिला थर घालून जातात.

याप्रमाणें डोंगर सावरूं लागतो. धूप व लोंढे यांचा धोका पहिल्या दोन पावसाळ्यांत सर्वांत अधिक असतो. पुढें तो उतरत जातो आणि साधारणपणें तीन ते पांच वर्षांत बराच निवळतो. मात्र जीं झुडुपें समूळ मेलीं त्यांचीं जुनीं मुळें याच काळांत कुजत असतात. जोंवर नवीं मुळें खोल गेलेलीं नाहींत, तोंवर उभ्या उतारांवर दरडी कोसळण्याचें भय कांहीं वर्षें मागें राहतें. वरून हिरवा दिसणारा डोंगर आंतून अजून अशक्त असूं शकतो. आजारी माणसाच्या तोंडावर तकाकी आली म्हणजे त्याची शक्ति परत आली असें नव्हे, तसेंच हें आहे.

माँटेसिटोचीच पुढील हकीकत या बाबतींत बोलकी आहे. बरोबर पांच वर्षांनीं, ९ जानेवारी २०२३ रोजीं, मोठ्या वादळामुळें त्या गांवास पुन्हां घरें सोडण्याची आज्ञा झाली. त्या वेळीं पावसाचें एकंदर मान २०१८ च्या वादळाहून पुष्कळच अधिक होतें. ओढे भरून वाहिले, रस्त्यांची व मालमत्तेची हानि झाली. परंतु २०१८ च्या संहाराची पुनरावृत्ति झाली नाहीं. यांत पावसाच्या जोराचा, गाळ अडविण्यासाठीं बांधलेल्या कुंडांचा व लोकांनीं शिकलेल्या धड्याचा वांटा आहेच. पण पांच वर्षांत डोंगरानें विणलेल्या नव्या पांघरुणाचा वांटाहि लहान नाहीं.

तेव्हां प्रश्न उरतो तो मधल्या काळाचा. पांघरूण जळून गेलें आहे आणि नवें अद्याप आलेलें नाहीं, अशी जी दोन-चार वर्षांची संधि, तींत माणसानें काय करावें? ला क्रिसेंटाच्या आपत्तीनंतर लॉस एंजेलिस परगण्यानें घळींच्या तोंडाशीं धोंडे व गाळ अडवून धरणारीं मोठीं कुंडें आणि पाणी वाहून नेणारे काँक्रीटचे पाट यांचें जाळें विस्तारलें. या कुंडांनीं पुष्कळ वस्त्या वांचविल्या. परंतु कुंड भरलें कीं उपसावें लागतें. आणि न उपसलेलें कुंड पुढच्या लोंढ्यास अडवूं शकत नाहीं.

दुसरा उपाय गवताचा. जळलेल्या उतारांवर विमानांतून ‘राय’ नांवाच्या गवताचें बीं पेरण्याची प्रथा दक्षिण कॅलिफोर्नियांत कित्येक दशकें चालली. ती पाहणारास फार आकर्षक वाटे. डोंगर लवकर हिरवे दिसत आणि कांहीं तरी केल्याचें समाधान मिळे. पण अभ्यासाअंतीं तिचा उणेपणा उघडकीस आला. ज्या पावसापासून बचाव करावयाचा तो पाऊस बहुधा गवत उगवण्यापूर्वींच येतो व बीं धुऊन नेतो. आणि जेथें गवत चांगलें माजतें, तेथें तें मूळच्या झुडुपांच्या रोपांस ओल व जागा मिळूं देत नाहीं. शिवाय तेंच गवत उन्हाळ्यांत वाळून नव्या वणव्यास इंधन पुरवितें.

याहून पेंढ्याचा साधा उपाय अधिक गुणकारी ठरला. कोलोराडो राज्यांतील जळलेल्या उतारांवर केलेल्या मोजणींत, नुसतें बीं पेरलेल्या तुकड्यांत व मोकळ्या सोडलेल्या तुकड्यांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाहीं. पेंढा अंथरलेल्या तुकड्यांवरून मात्र फारच थोडी माती वाहून गेली. कारण स्पष्ट आहे. बीं उगवावें लागतें; पेंढा पसरतांक्षणींच पांघरूण होतो. त्याच राज्यांत २००२ सालीं ‘हेमन’ या वणव्यांत सुमारें १,३८,००० एकर प्रदेश जळाला. त्यांत डेन्व्हर शहरास पाणी पुरविणाऱ्या चीझमन जलाशयाभोंवतालचें रान होतें. तेव्हां जमिनीवरून व हवेंतूनहि पेंढा पसरण्यांत आला. तरी जलाशयांत येणारा गाळ, राख व ओंडके यांच्या निवारणासाठीं त्या शहरास पुढें कोट्यवधि डॉलर खर्चावे लागले. पेंढ्यासहि दोष आहेत; तो वाऱ्यानें उडतो व त्याबरोबर नको त्या तणाचें बीं येतें. म्हणून कांहीं ठिकाणीं जळलेल्या झाडांचाच भुगा व ढलप्या वापरतात. जमिनीचा सुमारें साठ ते सत्तर टक्के भाग कशानें तरी झांकलेला असला म्हणजे धूप पुष्कळच आटोक्यांत राहते.

तिसरा उपाय सूचनेचा. वणवा विझतांच उपग्रहाच्या चित्रांवरून कोठें किती तीव्र जळलें हें पाहून, किती जोराच्या पावसांत कोणत्या घळींतून लोंढा येण्याचा संभव आहे, याचे नकाशे अमेरिकेचें भूगर्भ-सर्वेक्षण खातें तयार करतें. पण नकाशा माणसास घराबाहेर काढूं शकत नाहीं. सूचना आली असतां निघणें, आणि एकदां सूचना व्यर्थ गेली तरी दुसऱ्यांदा निघणें, हें काम माणसाचें आहे.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा विषय सर्वस्वीं परका नाहीं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व उतारांवर फेब्रुवारीपासून मेपर्यंत गवत आणि पाचोळा पेटलेला दरवर्षीं दिसतो. हे वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. कोठें निष्काळजीपणानें, तर कोठें जाळल्यानें नवें गवत चांगलें येतें या समजुतीनें. मात्र येथील आगीची जात वेगळी आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. ती जमिनीवरून सरकत जाणारी, बुटकी व घाईची असते. माती खोलवर तापत नाहीं, आणि गवताचे ठोंब व पळसासारखीं झाडें पुन्हां फुटतात. म्हणून कॅलिफोर्नियांतील सर्व अनर्थ येथें जसाच्या तसा होईल असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु एक साम्य नाकारतां येत नाहीं. तेथें शरदांत आग व हिवाळ्यांत पाऊस. येथें उन्हाळ्यांत आग व लगेच ज्येष्ठ-आषाढांतील धारा. दोन्हीं ठिकाणीं जमीन उघडी पडते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. चॅपरलला दोन वणव्यांमध्यें निदान कांहीं दशकें मिळालीं तरच त्याच्या बियांचा सांठा पुन्हां भरतो. वणवे लवकर लवकर आले तर झुडुपें हटून त्यांच्या जागीं परकें तण माजतें. जो उतार येथें दरसाल जळतो, त्यावर पाचोळ्याची गोधडी जमावी तरी केव्हां? वरची कसदार माती वर्षाला थोडीथोडी धुपते, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण ती ओढ्यांतून तळ्यांत व धरणांत जाऊन बसते, आणि डोंगरावर मागें उरतात ते नुसते दगड. बोटभर माती तयार होण्यास शतकें लागतात. ती जाण्यास दोनचार सरी पुरतात.

वनखातें उन्हाळ्यापूर्वीं गवताचे पट्टे साफ करून जाळरेषा काढतें, ती यासाठींच. परंतु रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसांनीं मनावर घेतल्यावांचून ती पुरी पडत नाहीं. आणि सर्व प्रयत्न करूनहि डोंगर जळालाच, तर त्यानंतर त्याच्याशीं कसें वागावें, हें तरी ठाऊक असावें. जळक्या उतारावर गुरें घालूं नयेत. अर्धवट जळालेलें लांकूडफांटें ओढून नेऊं नये, तें उताराशीं आडवें पडूं द्यावें. आणि नवे कोंब निदान एक-दोन पावसाळे निर्धास्त वाढूं द्यावेत.

वणव्यानंतर डोंगराकडे पाहणारा मनुष्य बहुधा वर पाहतो. हिरवें कोठें दिसतें का, याचा शोध घेतो. त्यानें खालीं वांकून मातीकडे पाहावें. राख बाजूस सारून पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मातीवर तसाच गोळा होऊन राहिला, तर अद्याप सावध राहण्याचे दिवस आहेत. तो शांतपणें आंत मुरला, आणि सभोंवार जमीन पानाफुलांनीं, काडीकचऱ्यानें झांकत आलेली दिसली, म्हणजे त्या ठिकाणीं वणवा खऱ्या अर्थानें विझत आला असें खुशाल समजावें.